सड्यावरची रेस, नाक्यावरचा पोलीस आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात पावसाळ्यातल्या टायरवर लिहिलं होतं आणि शेवटी सहज विचारलं होतं की पोलिसांशी कधी वाजलंय का, तर आलेली पत्रं सगळी त्यावरच, टायरबद्दल एकानेही विचारलं नाही. नाव छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, ते बरोबरच आहे, गाव तेवढं ठेवलंय. मी दिवसा कोर्टात असतो आणि संध्याकाळी बॉनेटखाली डोकं घालून, त्यामुळे पोलीसवाले मला गाडीवाल्यांचा समजतात आणि गाडीवाले पोलिसांचा. चालायचंच.

प्रश्न (चिपळूण) : वकीलसाहेब, आम्ही सात-आठ पोरं रविवारी पहाटे गाड्या काढतो, गुहागरला जायचं, मिसळ खायची नि परत. कोणी रेस लावत नाही, शप्पथ. मध्यंतरी वाटेत पोलिसांनी सगळ्यांना बाजूला घेतलं, शर्यत लावता काय रे म्हणून दम दिला, एकाची चावी काढून घेतली, पाऊण तास उभं केलं. आमचं चुकलं काय?

उत्तर : एकापाठोपाठ गाड्या चालवणं हा कुठल्याही कायद्यात गुन्हा नाही, नाहीतर गणपतीला येणारे निम्मे चाकरमानी दरवर्षी आत गेले असते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १८९ बघा, राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी मोटार वाहनांमध्ये शर्यत किंवा वेगाची कसलीही चाचणी, हा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीआधी याला एक महिना कैद किंवा ५०० रुपये दंड होता, म्हणजे त्याहून जास्त पैशांचं पेट्रोलच जळायचं. आता पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परत सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० किंवा दोन्ही. यात भाग घेणारा जसा येतो तसा रेस होऊ देणाराही येतो, म्हणजे स्वतः न चालवता मित्राला गाडी देऊन 'लाव तू, बघू' म्हणणारा पण आला, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आता पोलिसाच्या जागी उभं राहून बघा. पहाटे ११२ ला कोणाचा तरी फोन गेलेला असतो की दहा गाड्या फटाके फोडत गेल्या, गुरं बुजली, म्हातारी माणसं घाबरली. रात्रपाळी संपायला आलेला माणूस रस्त्यावर येऊन उभा राहतो आणि समोरून तुम्ही येता, तीन-चार जणांचे एक्झॉस्ट बदललेले, सगळ्यांच्या मागच्या काचेवर एकच स्टिकर, आणि एकाचा हात मोबाइल धरून खिडकीबाहेर. तुम्ही मिसळ खायला चाललाय हे त्याला कोण सांगणार?

माझं स्पष्ट मत असं की रस्त्यावर पोलिसाशी वाद घालून कोणीही जिंकत नाही, अगदी तुमचं शंभर टक्के बरोबर असलं तरी नाही, जिंकायचं ते नंतर कागदावर. म्हणून पहिलं मिनिट नीट सांभाळा. गाडी डावीकडे पूर्ण रस्त्याखाली घ्या, इंजिन बंद, अंधार असेल तर आतला दिवा लावा, काच सगळी खाली, हात दिसतील असे. आणि सात जणांनी खाली उतरून घोळका करू नका. पोरांना वाटतं आपण मित्राच्या मदतीला आलो, पण दोन पोलिसांभोवती सात जण उभे राहिले की त्यांना तो जमाव दिसतो आणि मग आवाज चढायला वेळ लागत नाही. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी आपापल्या गाडीत बसायचं. काका-मामा कोण आहेत ते सांगू नका, आमदारांना फोन लावू नका, त्याने साधं चलान होतं तिथे तीन कलमं लागलेली मी बघितलीयत.

कागदपत्रांचं सांगतो. युनिफॉर्ममधल्या पोलिसाने लायसन्स मागितलं की दाखवायचंच, कलम १३०. मोबाइलवरचं चालतं, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३९ मध्ये तशी सोय आहे, पण ते डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधलं, गॅलरीतला फोटो नव्हे. घाटात नि खाडीपट्ट्यात रेंज जाते, मग 'साहेब लोड होतंय, साहेब लोड होतंय' करत बसता, त्यापेक्षा घरून निघतानाच उघडून ठेवा किंवा सरळ खरं कार्ड खिशात टाका.

चावीबद्दल, मोटार वाहन कायद्यात चावी काढून घ्या असं म्हणणारं कलम नाही. पण म्हणून झटापट करायची नाही, तिथे हात लागला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ उभं राहतं, सरकारी माणसावर हल्ला किंवा बळाचा वापर, आणि ते अजामीनपात्र आहे. शांतपणे छातीवरचं नाव वाचा, वेळ नि जागा लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्या, पोच घेऊन. हे कंटाळवाणं काम आहे म्हणून कोणी करत नाही आणि मग वर्षभर चहाच्या टपरीवर तीच गोष्ट सांगत बसतात.

प्रश्न (रत्नागिरी) : आरे-वारेच्या रस्त्यावर १४० चा काटा दाखवणारी रील टाकली होती. दोन आठवड्यांनी पोलीस घरी. त्यांनी मला गाडी चालवताना बघितलेलंच नाही तर केस कशी काय होऊ शकते?

उत्तर : होऊ शकते. बघितलं तूच आहेस, शूट तूच केलंयस, वर गाणं लावून जगाला दाखवलंयस पण तूच. मोबाइलमधला व्हिडिओ पुरावा म्हणून कोर्टात येतो, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडून. आणि दोन आठवडे म्हणजे काहीच नाही, एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात कोर्टाला दखल घ्यायला एक वर्षाची मुदत असते. म्हणजे रील टाकून विसरून गेलास तरी ती तुला विसरत नाही.

बचाव नाहीच असं नाही. गाडी कोण चालवत होतं, जागा तीच का, काटा खरा का एडिट केलेला, हे सगळं त्यांना सिद्ध करावं लागतं. पण आता घाबरून रील डिलीट मारायची आणि फोन 'हरवायचा' हा सल्ला तुला कोणीतरी दिला असणार, तो ऐकू नकोस, पुरावा नाहीसा करणं हा आणखी एक गुन्हा डोक्यावर येतो. तुझ्या वकिलाला फोन आहे तसा दे.

बाकी वकिली सोडून एक बोलतो. आरे-वारेला एका अंगाला डोंगर नि दुसऱ्या अंगाला खाली समुद्र, वळणावर कोल्हापूरची-सांगलीची मंडळी गाडी अर्धी रस्त्यावर सोडून फोटो काढत असतात, पोरं रस्ता ओलांडून पळत असतात. १४० ला गाडी सेकंदाला ३९ मीटर जाते. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर गेलं, मग कोरड्या डांबरावर चांगले टायर असले तरी अजून शंभरेक मीटर. तिथे दीडशे मीटर सरळ दिसतं कुठे?

प्रश्न (लांजा) : सर, तुम्ही सगळे रेस रेस करून ओरडता पण आमच्याकडे सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरचा, रस्ता रात्री पूर्ण रिकामा असतो, दोन्हीकडे कातळ, एक घर नाही. दोघंच मित्र, दोघांच्या मर्जीने. कुणाला त्रास होतो सांगा?

उत्तर : ह्या पत्राचं मला खरंच आवडलं की कोणीतरी मनातलं लिहिलं, बाकी सगळे 'माझा मित्र' करून लिहितात. सडा मोह पाडतो हे मलाही कळतं, कोकणात सरळ रस्ता मिळणं म्हणजेच चैन आहे.

पण रिकामा असतो हे तू रात्री अकराला एकदा नजर टाकून ठरवतोस. माझ्या घरामागच्या सड्याचं सांगतो, तुमचाही वेगळा नसेल. संध्याकाळी सोडलेली गुरं रात्री डांबरावर येऊन बसतात कारण दिवसभर तापलेलं डांबर उबदार असतं आणि पावसाळ्यात तर आजूबाजूच्या ओल्या कातळापेक्षा तेच कोरडं, आणि काळी म्हैस काळ्या डांबरावर हेडलाइटमध्ये दिसते तेव्हा फक्त डोळे दिसतात, तेही तिने मान वळवली तर. शेवटच्या एसटीने उतरलेला माणूस बॅटरी वाचवायला टॉर्च बंद करून चालत असतो. कातळावरनं वाहून आलेली जांभ्याची खडी रस्त्याच्या कडेला पसरलेली असते, बारीक, गोल, तिच्यावर चाक गेलं की ब्रेक लागतच नाही, गाडी नुसती घसरते. दिवसा जाऊन बघ, वळणांच्या बाहेरच्या बाजूला लाल पट्टा दिसेल तो तोच. ओव्हरटेक करायला बाहेर निघालेल्या गाडीचं उजवं चाक बरोबर त्या पट्ट्यावर जातं.

आणि कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती, तिथे रात्री अकराला लोक होते की नव्हते ह्याला महत्त्व नाही. दोघांची मर्जी असली तरी कलम १८९ लागतंच, उलट मर्जी होती हेच त्यात सिद्ध होतं.

त्याहून महत्त्वाचं, आणि हे कोणीच वाचत नाही, तुझ्या इन्शुरन्सचा कागद काढ. 'वापरावरील मर्यादा' असा एक परिच्छेद असतो, त्यात आयोजित रेसिंग, पेसमेकिंग, स्पीड टेस्टिंग असे शब्द असतात, ह्या कामासाठी गाडी वापरली तर पॉलिसी नाही. पुढे थर्ड पार्टीच्या केसमध्ये पण कंपनीला हाच बचाव घेता येतो, कलम १५०. म्हणजे समजा तो एसटीवाला माणूस गेला तर आधी न्याय संहितेचं कलम १०६, हयगयीने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि मग कंपनी म्हणते हे लोक वेगाची पैज लावत होते, आणि नुकसानभरपाईचा आकडा तुझ्या वडिलांच्या आंब्याच्या कलमांकडे बघायला लागतो. दोघांनी रेस लावली आणि एकाच्याच गाडीने ठोकलं तरी दुसरा सुटला असं समजू नकोस, दोघंही त्यात अडकतात.

तू विचारलंस कुणाला त्रास होतो. आतापर्यंत झाला नसेल.

प्रश्न (कुडाळ) : माझो झील एकोणीस वर्सांचो. कॉलेजाक जावक गाडी घेवन दिली, ती घोवाच्या नावार आसा. आता तेना सायलेन्सर काढून कसलो तरी दुसरो घातल्यान, रात्री घराक येता तेव्हा आख्खी वाडी जागी जाता, म्हातारी सासू उठान बसता. पोलिसांनी एकदा पकडल्यानी, दंड भरलो, परत तोच आवाज. तेका सांगूचा कसा?

उत्तर : वहिनी, झिलाला, म्हणजे मुलाला, सांगून ऐकत नसेल तर घोवाला, म्हणजे नवऱ्याला, सांगा, कारण गाडी त्यांच्या नावावर आहे. २०१९ पासून कलम १८२-अ मध्ये मालकालाच धरलंय, गाडीत परवानगीशिवाय फेरफार केला किंवा करवून घेतला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५,००० दंड किंवा दोन्ही. प्रत्येक फेरफाराला, हे नीट वाचा. आवाज नि धुराचं वेगळं कलम १९०, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, आणि चालवणाऱ्याचं लायसन्स तीन महिने बाद. मागच्या वेळी थोडक्यात सुटलात असंच म्हणायचं.

पोरांचं म्हणणं असतं की ह्याने पॉवर वाढते. साध्या छोट्या इंजिनाला नुसता मागचा डबा बदलून काहीही वाढत नाही, बाकी काही ट्यून न करता आतलं बॅफल, म्हणजे आवाज दाबणारा भाग, काढलं की आवाज वाढतो आणि बऱ्याचदा खालच्या आरपीएमला ओढ उलट कमी होते, कुडाळच्या बाजारात गिअर दोनदा बदलायला लागतो तो त्यामुळे. हे त्याला सांगा, कायद्यापेक्षा हे लवकर पटेल. जुना सायलेन्सर गॅरेजवाल्याकडे पडला असेल तर आजच घेऊन या, आपल्या खाऱ्या हवेत उघड्यावर चार महिने राहिला की आतून सडतो आणि मग नवा घ्यावा लागतो. आणि सासूबाईंची माफी त्याने स्वतः मागायची, तुम्ही नाही.

प्रश्न (अलिबाग) : किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यतींना परवानगी, टाळ्या, बक्षिसं, पुढारी हजर. आम्ही दोन जीप पळवल्या की गुन्हा. हा कुठला न्याय?

उत्तर : प्रश्न झकास आहे, उत्तर तेवढं झकास नाही. कलम १८९ फक्त मोटार वाहनांना लागतं, बैल मोटार नाही. त्यांचा रस्ताही सोपा नव्हता हो. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, २०१७ ला राज्याने प्राण्यांच्या छळाच्या कायद्यात दुरुस्ती केली, तरी डिसेंबर २०२१ पर्यंत थांबायला लागलं, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती कायम केली. इतकी वर्षं कोर्टात घासल्यावर आज जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी नि अटी पाळून शर्यत होते. तुमच्या जीपवाल्यांपैकी कोणी एक साधा अर्ज तरी केलाय का? १८९ मध्येच 'लेखी परवानगीशिवाय' असं लिहिलंय, म्हणजे दार बंद नाही, फक्त कोणी ठोठावत नाही.

प्रश्न (संगमेश्वर) : हायवेला स्पीडचं चलान आलं, मी तेवढा वेगात नव्हतोच. भरून टाकू का?

उत्तर : आधी फोटो उघडा. ऑनलाइन चलानात फोटो, जागा, वेळ नि नोंदलेला वेग असतो, नंबर तुमचाच का ते बघा, एक आकडा चुकून दुसऱ्याचं चलान आलेली उदाहरणं आहेत. मग त्या ठिकाणचा वेगाचा बोर्ड आठवा. केंद्राने २०१८ मध्ये चौपदरी दुभाजकाच्या रस्त्याला कारसाठी १०० ठरवले असले तरी राज्याला नि स्थानिक प्रशासनाला ते कमी करता येतात, आणि आपल्या मुंबई-गोवा हायवेला डायव्हर्जन, गावं, घाट ह्यामुळे मर्यादा जागोजागी बदलते, शंभर डोक्यात ठेवून गाडी हाकाल तर चलानं गोळाच होणार. गाडीचा काटा सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, म्हणजे 'माझ्या काट्यावर कमी होतं' हा दावा सहसा खरा ठरू शकतो, पण सिद्ध कशाने करणार? डॅशकॅममध्ये जीपीएसचा वेग नोंदला जात असेल तर ते फुटेज लगेच वेगळं काढून ठेवा, काही दिवसांनी त्याच्यावरच नवीन रेकॉर्डिंग बसतं.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ आला त्यात कॅमेऱ्यांबद्दल बरंच आहे, यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करायचं, कॅमेरा आहे अशी सूचना देणारा बोर्ड हवा, आणि घटनेपासून पंधरा दिवसांत नोटीस. ह्यातलं काही नसेल तर चलानाच्या पोर्टलवर तक्रार टाका, तिथे नाही झालं तर कोर्टात. पण खरंच वेगात होतात हे मनात माहीत असेल तर भरा नि मोकळे व्हा, लोकअदालतीत सूट मिळते म्हणून चलानं साठवणारे लोक मला कळतच नाहीत.

प्रश्न (दापोली) : बीचवर गाडी घालणाऱ्या पर्यटकांना पोलीस काहीच करत नाहीत का? आमच्या कर्दे-मुरूडला दर सुट्टीत कोणीतरी रुततं आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरतं.

उत्तर : करतात, प्रशासन मनाई आदेश काढतं, गुन्हेही नोंदवले जातात, पण एवढ्या लांब किनाऱ्याला माणसं पुरणार किती. घाटावरून येणाऱ्या पाहुण्यांना एकच सांगतो, ओहोटीला दिसणारी ती कडक वाळू रस्ता नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांपेक्षा खूप वर येतं आणि परत येतं ते तुमचा चहा संपायच्या आत. चाक फिरवून फिरवून गाडी डिफरन्शिअलपर्यंत बसते, मग लाटा दारात. खारं पाणी वायरिंगच्या कनेक्टरमध्ये गेलं की गाडी त्या दिवशी सुरू झाली तरी दोन-तीन महिन्यांनी एकेक सेन्सर मरायला लागतो. शिवाय वेळास, आंजर्ले आणि आसपास थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्यांना वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे. घरट्यावरून टायर गेला तर चालवणाऱ्याला कळतही नाही. तुम्ही गावकरी नंबर प्लेट दिसेल असा फोटो काढून ११२ ला कळवा, मारामारी करू नका, आणि ट्रॅक्टरवाल्याने भाव जरा चढा लावला तर मी त्याला काही बोलणार नाही.

प्रश्न (महाड) : मुलगा सतराचा आहे, गाडी उत्तम चालवतो, माझ्यापेक्षा चांगली. गावातल्या गावात देतो फक्त. चालेल ना?

उत्तर : नाही. कलम १९९-अ वाचा. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीचा अपघात झाला तो तुम्ही टीव्हीवर बघितलाच असेल, त्यात वडिलांनाही अटक झाली होती. एक वर्ष थांबा, एवढं काय बिघडतं.

प्रश्न (खेड) : लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं नि पावती दिली. पावतीवर गाडी चालवता येते असं सगळे म्हणतात, खरं का?

उत्तर : अर्धं खरं, म्हणून धोक्याचं. कलम २०६ मध्ये दोन प्रकार आहेत. तुम्ही समन्स चुकवाल अशा शंकेने लायसन्स घेतलं तर पावतीवर चालवता येतं. पण वेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू, रेस असल्या गुन्ह्यात निलंबनासाठी आरटीओकडे पाठवायला घेतलं तर त्या पावतीवर चालवता येत नाही, लायसन्स परत मिळेपर्यंत गाडी घरी. पावतीवर कलम कुठलं लिहिलंय ते बघा.

प्रश्न (मालवण) : काळ्या काचा?

उत्तर : पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायलाच हवा, नियम १००. बाजारात मिळणारी गडद फिल्म ह्यात बसत नाही. ऊन लागतं हे मान्य, पडदे पण नकोत, झाडाखाली लावा. बुलबार, ती पुढच्या बंपरवरची लोखंडी चौकट, पण काढून टाका हो मालवणकर, फोटोत दिसतोय तुमच्या, त्यावर २०१७ पासून बंदीचं परिपत्रक आहे, आणि पुढून धडक बसली तर एअरबॅगच्या वेळेत पण त्याने घोटाळा होऊ शकतो.

प्रश्न (सावंतवाडी) : काका, मी बावीस वर्षांची आहे, मला खरंच रेस करायची आहे, रस्त्यावर नाही. कोकणात राहून कुठे जाऊ? घरचे म्हणतात हे श्रीमंतांचं काम.

उत्तर : हे पत्र शेवटी ठेवलं कारण सगळ्यात जास्त मला ह्याच्यावर लिहायचं होतं. कोकणात पक्का ट्रॅक नाही. देशात मोजके आहेत, चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइंबतूरचा कारी स्पीडवे, आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनची इंडियन ग्रां प्री झाली. नारायण कार्तिकेयन, २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, तो ह्याच कोइंबतूरचा. जवळचं बघायचं तर लोणावळ्याच्या पुढे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसच्या स्पर्धा भरल्यात, सरळ रेषेत पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, आणि नाशिकला राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्यात. चिखल आवडत असेल तर तुझ्या शेजारी गोव्यातच पावसाळ्यात रेन फॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोडची मोठी स्पर्धा होते, निदान बघायला जा, बांद्यावरून कितीसं लांब आहे.

ह्या खेळाची देशातली अधिकृत संघटना एफएमएससीआय, तिचं स्पर्धक लायसन्स काढावं लागतं, त्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. स्पर्धेत भाग घ्यायचा तर आधी आयोजकांना ते लायसन्स लागतं का ते विचार, प्रत्येकाचा नियम वेगळा.

खर्चाचं, घरचे पूर्ण चूक नाहीत. गाडी तयार करून रॅलीत उतरणं महागच आहे. पण सुरुवात गाडीने करायचीच नसते, कार्टिंगने, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाड्यांनी, करायची, पुण्या-मुंबईकडे आणि गोव्यात कार्टिंगचे ट्रॅक आहेत, तिथे जाऊन वेळ काढायला शीक, तीच वेळ पुन्हा पुन्हा आणायला शीक, कारण एकदा जोरात जाणं सगळ्यांनाच जमतं. दुसरा मार्ग ऑटोक्रॉस, मोकळ्या मैदानावर कोन लावून एकेकटी गाडी वेळेवर पळवतात, समोर दुसरी गाडी नसते, वेग साधारण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा, स्वतःची रोजची गाडी चालते. तिसरा, रॅलीत नेव्हिगेटर हो. शेजारच्या सीटवर बसून पेसनोट्स, म्हणजे पुढच्या वळणांच्या लिहून ठेवलेल्या खुणा, वाचायच्या, गाडी दुसऱ्याची, आणि आंबोलीच्या धुक्यात रोज ये-जा करणाऱ्या मुलीला वळणं मोजायला वेगळं शिकवायला लागू नये. चांगल्या नेव्हिगेटरला संघ शोधत येतात.

कार्टिंगला जाशील तेव्हा केस घट्ट बांध, ओढणी-स्कार्फ काहीही लोंबकळतं ठेवू नकोस, ते मागच्या एक्सलमध्ये अडकतं, आणि स्पोर्ट्स शूज घाल, पातळ तळव्याचे.